पाण्याखालची गल्ली

"ओ मॅडम! आमची हद्द पिशवीत घालून कुठं चाललात?"

मी दचकून मागं बघितलं. एक तरुण उभा. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला रुमाल, आणि हसू दाबायचा प्रयत्न... साफ फसलेला.

"हद्द? साधा दगड आहे हा!"

"साधा? हा हलला तर माझी अन् चुलतभावाची जुंपलीच म्हणून समजा."

आता माझी बाजू ऐका. आमच्या आबांचं गाव जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं. पुढची आख्खी जिंदगी शहरात, उस्मानपुऱ्यात काढली, पण बोलणं सगळं त्या गावाचं. यंदा उन्हाळ्यात धरण आटलं, गाव उघडं पडलं, आणि आबांचे गुडघे एसटीत चढेनात. म्हणून मी आले, गावाचा एक दगड आबांसाठी उचलला... तर तो निघाला टरबुजांच्या शेताची खूण! पाणी हटलं की गाळात पीक घेतात, बांध नसतात, म्हणून जुन्या घरांच्या दगडांवरून हद्द धरतात. मला काय स्वप्न पडलं होतं?

मी मुकाट्यानं दगड जागेवर ठेवला.

"कुणाच्या घरचं तुम्ही?" त्यानं विचारलं.

"फकिरा आबांची नात. करुणा."

"मी इंद्रजीत. चला, तुमच्या दारात नेऊन सोडतो."

तो पुढं, मी मागं. चहूकडं मोकळं रान, पिवळी फुलं, ओल्या गाळाचा वास, लांब पाण्याच्या कडेला बगळे. आणि हा मधेच डावीकडं वळला!

"सरळ मोकळं आहे की. वळलात कशाला?"

"गल्ली हाय ना इथं," तो म्हणाला. "सरळ गेलं तर लोकांच्या घरातून जावं लागंल, असं बाप सांगतो."

खरं सांगू? मी तिथंच गेले कामातून. ज्या गल्ल्या त्यानं कधी माणसांनी भरलेल्या बघितल्या नव्हत्या, त्या तो बापानं शिकवल्या म्हणून पाळत होता.

आबांच्या उंबऱ्याशी मी व्हिडिओ कॉल लावला. आबांनी आधी उंबरा डोळे भरून बघितला. मग हळूच म्हणाले, "जयभीम, पोरा." इंद्रजीतनं रुमाल काढून "जयभीम, आबा" म्हटलं, आणि मोबाईल धरून त्यांना गावभर फिरवलं.

मग मी दर रविवारी जायला लागले. महाबळेश्वरला दोनदा जाऊन आलेली मी, घरापासून तासाभरावर एवढं सुंदर काही असतं हे चोवीस वर्षं मला ठाऊकच नव्हतं! इंद्रजीत टरबूज फोडायचा, मधला लाल गर माझ्या हातावर ठेवायचा, आणि... भाव कसा आहे ते सांगायचा! दुसरं काही नाही. एवढा कसला तो लाजरा!

जुलैत त्याचा फोन आला. "वर नाशिकच्या धरणांतनं पाणी सुटलंय. चार दिवसांत गाव पाण्यात जाईल."

गाव गेलं की माझं निमित्तही गेलं.

मी गेले तेव्हा वेली उपटून झाल्या होत्या. पाणी चावडीपर्यंत आलं होतं.

"मग? आता?" मी विचारलं.

"आता काय... पुढच्या उन्हाळ्यात या. पाणी हटलं तर."

"आणि नाही हटलं तर?"

तो वाकून उपटलेल्या वेली गोळा करायला लागला. मला असा राग आला!

"इंद्रजीत, मला तुम्ही आवडता. लई आवडता. पण धरण आटायची वाट बघत बसणारी मी नाही. समजलं?"

त्यानं मान वर केली. कान लालबुंद.

"मला वाटलं... तुम्ही गावासाठीच येता."

"पहिल्या रविवारी. बाकीचे सगळे तुमच्यासाठी."

पाण्याची चुळबुळ ऐकू येत होती.

"तुमचं घर कुठं आहे?" मी विचारलं.

"वर, माळावर. धरणानंतर वसवलेल्या नव्या गावात. तिथं पाणी येत नाय."

"मग तिथं न्या की!"

"आत्ता?"

"आत्ता."

त्यानं फोन लावला. "आये, चहा टाक. दोघं येतोय... कोण? नाय गं, पाहुणी नाय..." माझ्याकडं बघून तो थांबला. मग हसला, "येतोच. तूच बघ."