मोरोने उकरलेली जमीन

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी हिवाळ्यासाठी आंबवायचा कोबी चिरत होते. मिठाने हात चरचरत होते. मोरोची, आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. "सोमवारी मी घरीच येते, नेव्हिया," डॉक्टर याद्रांका म्हणाल्या. "इंजेक्शन देऊ. त्याला कळणारही नाही." मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेला कोबी चिरून संपवला.

मोरो चुलीपाशी पडून होता. त्याला ऐकू येणं केव्हाच बंद झालं होतं. डोळ्यांवर निळसर पडदा आला होता. परवापरवापर्यंत तो कोपऱ्यात जाऊन भिंतीला नाक टेकवून उभा राहायचा, मागे वळायचं असतं हे विसरल्यासारखा. मी त्याला वळवायचे. आता तेही थांबलं होतं. मागचे पाय त्याचं वजन पेलतच नव्हते.

तो मुळात माझा नव्हता. माझ्या नवऱ्याचा, एल्व्हिनोचा. दोघं नदीकाठच्या रानात ट्रफल, सोन्याच्या भावाने विकली जाणारी अळंबी, शोधायचे. ओकच्या मुळांशी, मातीखाली वाढणारी ती उग्र वासाची गाठ फक्त कुत्र्याला कळते. मोरो उकरायला लागला की एल्व्हिनो त्याला बाजूला सारायचा, कुदळीने गाठ अलगद काढायचा, चीजवर घासलेला पावाचा कडक तुकडा त्याच्या तोंडात द्यायचा आणि मग खड्डा बुजवायचा. पायाने दाबून, वर पाला पसरून. पाल्यावर एक काटकी आडवी ठेवायची, ही त्याची खोड. खड्डा उघडा राहिला तर तिथे पुन्हा काही उगवत नाही, आणि जागा सगळ्यांना कळते. जागा आमच्याकडे बायकोलाही सांगत नाहीत.

एल्व्हिनो रानातच गेला, हृदय बंद पडून. मला माहीत नसलेला एल्व्हिनो त्यानंतर फक्त या कुत्र्याच्या डोक्यात उरला होता. सोमवारी तोही जाणार होता.

संध्याकाळी शेजारचे म्हातारे दिनोकाका, आमच्याकडच्या बोलीत बार्बा दिनो, डोकावले.

"काय रे थेरड्या," ते मोरोला म्हणाले, "आधी माझा नंबर होता. रांगेत मध्येच घुसलास?" मग कोबीच्या पिंपाकडे बघून म्हणाले, "एवढा कोबी? खाणार कोण, पोरी?"

"दर वर्षी एवढाच करतो, बार्बा."

"करायचात. दोघं होतात तेव्हा." जाताना त्यांनी मोरोच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

रविवारी दुपारीच धुकं नदीवरून वर चढलं. खिडकीबाहेर अंजिराचं झाड दिसेनासं झालं. मी मोरोला रस्सा चाटवत होते. एकाएकी त्याने मान वर केली. कान उभे राहिले.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तो उठला. मागचे पाय थरथरले आणि स्थिरावले. दारापाशी जाऊन त्याने नखांनी दार खरवडलं, पूर्वी पहाटे खरवडायचा तसं. मी खुंटीवरचा एल्व्हिनोचा कोट अंगावर घातला आणि त्याच्यामागे निघाले.

रानात कुजक्या पाल्याचा वास होता. झाडं ठिबकत होती. आंधळा मोरो एकाही बुंध्याला न धडकता पुढे चालत होता. त्याची पावलं हलकी. माझी जड. आणि पाल्यावर आणखी एका पावलांची चाहूल होती, माझ्या डाव्या हाताला. मी थांबले की तीही थांबायची.

एका जुन्या ओकपाशी मोरो उकरायला लागला. माती उडत होती. मग कोणी छातीला हात लावून सारावं तसा तो मागे झाला, बसला आणि त्याने तोंड वर केलं. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी, माणसाच्या हाताच्या उंचीवर.

"मोरो..." मी म्हणाले. "कोण आहे... तिथे?"

त्याने तोंड उघडलं. मिटलं. सावकाश काहीतरी चावलं. मग डोकं पंजांवर ठेवलं. मी गुडघ्यांवर येऊन त्याला धरेपर्यंत श्वास गेला होता.

त्याच्या ओठाला पावाचा चुरा लागला होता. त्याला चीजचा वास होता. कोटाचे खिसे एल्व्हिनो गेला तेव्हाच मी रिकामे करून धुतले होते.

मी त्याला उचलून घरी आणलं. बार्बा दिनोंना सगळं सांगितलं; त्यांनी अंजिराखाली खणलं. माती ओढता ओढता त्यांनी विचारलं, "रानातला खड्डा बुजवलास ना?"

"नाही."

त्यांचं फावडं थांबलं. "उघडा खड्डा म्हणजे खणणारा अजून तिथेच आहे, असं धरतो आम्ही रानात जाणारे. दुसरा कोणी हात लावत नाही. सकाळी जा. बुजवून ये."

सकाळी गेले. खड्डा बुजवलेला होता. पाला पसरलेला, वर काटकी आडवी. पुढच्या ओकखाली आणखी एक. त्याच्या पुढे आणखी. मला भीती वाटली नाही. त्याहून वाईट काहीतरी वाटलं. तो कुत्र्याला न्यायला आला होता. मी शेजारी उभी असताना.

"मी पण होते ना तिथे," मी मोठ्याने म्हणाले. रान नुसतं ठिबकत राहिलं.

तेव्हापासून ते खड्डे इकडे यायला लागले आहेत. आधी रानाच्या कडेला, मग द्राक्षमळ्याच्या वाटेवर. इथे ओक नाहीत, मातीत शोधण्यासारखं काही नाही. प्रत्येक खड्डा नीट बुजवलेला, काटकी ठेवलेली. बार्बा दिनो आता त्या वाटेने येत नाहीत.

आज सकाळचा माझ्या फाटकाच्या आत आहे, दाराच्या पायरीशी. तो उघडा आहे. कडेच्या ओल्या मातीत नखांच्या खुणा आहेत.

"बुजव तो, नेव्हिया," बार्बा दिनो कुंपणापलीकडून म्हणाले. "उजेड आहे तोवर... ऐक माझं."

"तुम्ही बुजवा की."

"मी कसा बुजवू?" ते म्हणाले. "माझ्या दाराशी नाहीये तो."

कुदळ पायरीलाच टेकवलेली आहे. धुकं वर चढतंय. खड्डा मी अजून बुजवलेला नाही.