उजवीकडचा वण

१९८४ साली मी मुलुंडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि सुट्टीच्या दिवशी जुने फोटो गोळा करत होतो. कागदावरचे फोटो कुणीही जमवतो. मला हवे असायचे त्याआधीचे, काचेवरचे. त्यांच्या पाठीला काळा कागद असतो. तो काढला की माणूस विरतो आणि नुसती काच उरते. शिवाय त्यात डावं-उजवं उलटं असतं, आरशातल्यासारखं. हे ओळखणारे मुंबईत आम्ही चार-पाच जण. त्यातले तिघे अर्धवट.

भांडुपच्या एका चाळीत शेवंतीबाईंच्या देव्हाऱ्याशेजारी तसा एक फोटो होता. खुर्चीत बसलेला, गलबतावरचा तांडेल. त्यांच्या सासऱ्यांचा आजा. कपाळावर डाव्या बाजूला खोल वण. बाई रोज सकाळी फ्रेमच्या काचेवर, बरोबर त्याच्या कपाळावर, गंध लावायच्या. मी फोटो विकत मागितला.

"आमचो मूळपुरुष तो. विकूचो नाय."

मग मी म्हणालो, मागचा कागद कुजलाय, नीट करून देतो. त्यांनी विश्वासानं दिला. मी त्याची कागदावर नक्कल काढली, जुन्या फ्रेममध्ये बसवून परत केली आणि मूळ काच माझ्या कपाटात गेली. लाज वाटली नाही. उलट जाणकाराच्या तोऱ्यात मी नकलेत डावं-उजवं सुलटं करून दिलं. नक्कल काढताना त्रास एवढाच झाला, की काळ्या काचेत सारखं माझंच प्रतिबिंब पडत होतं.

आठवड्याभरात, भर वर्गात, माझ्या कपाळाला गार बोट लागलं. चंदनाचा वास आला.

"सर, देवळात गेलेलात?" पोरं हसली.

मी देव मानत नाही. रुमालानं कपाळ पुसलं. रुमाल पिवळा झाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच.

मग एका संध्याकाळी नलिनीनं, माझ्या बायकोनं, एकटीचंच ताट वाढून घेतलं.

"अगं, माझं?"

"अगंबाई! विसरलेच कशी मी?" ती दचकली.

चार दिवसांनी पुन्हा विसरली. या वेळी दचकलीही नाही. तेव्हा मात्र माझी पाचावर धारण बसली.

कपाट उघडलं. काळा कागद जागच्या जागी होता. खुर्ची होती. तांडेल नव्हता.

पितृपक्ष चालू होता. काच घेऊन मी तसाच उपाशीपोटी भांडुपला धावलो. शेवंतीबाईंकडे म्हाळ होता, पितरांचं जेवण; घरभर वडे-सांबाराचा वास.

"चुकलो. ही घ्या तुमची काच. मी दिलेली ती नक्कल मला परत द्या."

त्या पान वाढत राहिल्या.

"माका पयल्याच दिवशी कळला. आमच्या आज्याचो वण डावीकडे. तू दिलंस तेचो उजवीकडे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलान काय होतला? निरखून बघलंय, तर आत तू दिसलंस. म्हटला, जो आणून बसवलंस, तेचीच पूजा करूया."

मी देव्हाऱ्याकडे पाहिलं. फोटोला झेंडूचा ताजा हार होता. आतला चेहरा माझा होता, अगदी स्पष्ट.

"बाई, मी जिवंत आहे!"

"पान वाढलंय," त्या म्हणाल्या आणि पान घेऊन गॅलरीत गेल्या.

कावळ्यांना हाक घालताना त्यांनी माझं नाव घेतलं.

एक कावळा आला. लगेच शिवला.

माझ्या रिकाम्या तोंडात काळ्या वाटाण्यांच्या सांबाराची चव आली.