तिसऱ्या खिडकीतली

तो वजनकाट्यावर चढला तेव्हा त्याला कुठेही जायचं नव्हतं. विमानतळावरच्या आगीच्या बंबाचा पंप दुरुस्त करायला आला होता. काम झालं, हात धुतले, आणि समोर काटा दिसला म्हणून चढला, इतकंच. पण काट्यामागच्या मुलीने सवयीने आकडा वाचला आणि वहीत टिपलाही.

"एकाहत्तर. गळ्यातली पिशवी काढा, म्हणजे खरं वजन कळेल."

"ती काढली तर माझ्यात काही उरत नाही हो," तो म्हणाला.

पिशवीत कॅमेरा होता.

त्या मुलीला सगळे वजनवाली म्हणत. विमानतळ म्हणजे तरी काय, गवतात आखलेली एक धावपट्टी, पत्र्याची एक खोली, वारा दाखवणारी कापडी नळी आणि आठवड्यातून तीनदा दुपारी येणारं नऊ जणांचं विमान. एवढ्याशा विमानात कोण कुठे बसतं याला फार महत्त्व. एका अंगाला भार झाला की ते वाकडं चालायला लागतं. म्हणून ही प्रत्येकाला सामानासकट तोलायची आणि कोणी पुढे, कोणी मागे बसायचं ते ठरवायची. आठ वर्षं हेच काम. स्वतः मात्र ती एकदाही विमानात चढली नव्हती. सगळ्यांना जागा देता देता आपली राहून गेली, असं ती हसून सांगायची, आणि ते हसू ओठांवरच थांबायचं.

पंपवाल्याचं काम गावोगाव फिरण्याचं. जिथे लहानसा विमानतळ दिसेल तिथे मोटरसायकल थांबवायची आणि फोटो काढायचे, हा त्याचा नाद. पुढच्या मंगळवारी तो छापील फोटोंचं पाकीट घेऊन आला. मेंढ्या हाकून मोकळी केलेली धावपट्टी, शाळेच्या मैदानावर उतरलेलं विमान, पंख्याच्या पात्यावर सदरा वाळत घालून सावलीत झोपलेला वैमानिक. ती एकेक फोटो खिडकीच्या उजेडात धरायची, इथे ऊन होतं की पाऊस, फोटोतल्या म्हातारीने हात कोणाला केला, असं काहीबाही विचारत राहायची. त्या गावांचा वास तिला बसल्या जागी यायचा.

मग तो दर मंगळवारी येऊ लागला. बंब सांभाळणारे काका एकदा म्हणालेच, पंप तर ठणठणीत चालतोय, दुखणं दुसऱ्याच कोणाचं दिसतंय. वजनवालीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी चहात साखर दोनदा पडली.

पाचव्या मंगळवारी विमान यायला अवकाश होता. त्याने खिशातून एक वेगळं पाकीट काढलं. देऊ की नको, असं त्याच्या बोटांना झालं होतं.

"या फोटोत… तुम्हीच आहात ना?"

सात फोटो होते. गावं वेगळी, विमानं वेगळी, सालं वेगळी. पण प्रत्येक विमानाच्या डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीत एकच बाई. वेणी पुढे घेतलेली, खालचा ओठ दाताखाली, आणि काचेला टेकवलेला पंजा. वजनवालीने आपलाच ओठ दाताखालून सोडवला.

"सहा वर्षं शोधतोय हिला," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी काट्यावरून वर बघितलं आणि तुम्ही समोर."

तिने सांगितलं की आपण कधी विमानात बसलेलो नाही. त्याला ती थट्टा वाटली. शेवटचा फोटो याच धावपट्टीवरचा होता, गेल्याच मंगळवारचा. तिने मुकाट्याने वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. डावीकडची तिसरी जागा त्या दिवशी रिकामी होती. मागे दोन जड पेट्या होत्या, म्हणून तिनेच ती रिकामी ठेवली होती.

"आणि तुम्ही हा फोटो काढत होता," ती म्हणाली, "तेव्हा मी तुमच्या मोटरसायकलवर बसून चहा पीत होते."

बाहेर कापडी नळी मेल्यासारखी लोंबत होती.

थोड्या वेळाने विमान आलं. कप्तानाने नेहमीचंच गाऱ्हाणं केलं, की तुझी बेरीज कुठेतरी चुकते, विमान दर खेपेला पन्नासएक किलोंनी जड लागतं. वर्षानुवर्षं तो हेच म्हणत होता आणि तिची बेरीज दर वेळी बरोबर निघत होती. त्या दिवशी सगळे गेल्यावर ती स्वतः काट्यावर चढली. बावन्न. वही मिटून ती घाईने खाली उतरली.

पण भीतीपेक्षा दुसरंच काही तिला टोचत होतं. सहा वर्षं तो त्या चेहऱ्याच्या मागे होता. मग पंपाचं निमित्त, फोटोंची पाकिटं, ते हसणं, ते दर मंगळवारचं येणं, हे सगळं कोणासाठी? आपण आपल्याच चेहऱ्यावर जळतोय, हे सांगायचं तरी कोणाला?

त्याने तिचेही फोटो काढून बघितले होते. काट्यामागे, बंबाजवळ, कुंपणाशी. पुढच्या खेपेला ते घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. काटा होता, खुर्ची होती, बंब होता. ती कुठेच नव्हती. कुंपणाच्या फोटोत तर तिने जिथे हात टेकला होता, तिथे तार तेवढी खाली वाकलेली दिसत होती. हात नव्हता.

तिने फोटो जुळवून पाकिटात परत घातले.

"म्हणजे तुमच्या कामाची तीच. मी काही फोटोत मावत नाही."

"तसं नाही हो—"

"मग कसं? कोणासाठी येता इथे?"

त्याने भलतंच सुचवलं. एकदा तुम्ही त्या जागेवर बसून बघा, मी शेजारी बसतो, म्हणजे हे कोडं सुटेल, असं काहीतरी. तिने पाकीट त्याच्यापुढे सरकवलं.

"आणि चढले मी, उतरली ती… तर?"

त्याने पाकीट उचलून खिशात घातलं.

"मंगळवारी विमान येईल," ती म्हणाली. "ती पण येईल. कोणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवा. तिच्याकडे बघितलंत तरी मी रागावणार नाही. फक्त त्यानंतर इथला पंप बिघडला तर मी दुसऱ्याला बोलवीन."

मंगळवार उजाडला तो वाऱ्याशिवाय. ऊन होतं, पण फडक्यातून गाळल्यासारखं फिकट. उडालेली धूळ खाली बसायला तयार नव्हती. पाखरांचा आवाज नव्हता. वजनवालीने सहा जणांना तोललं, बसवलं, डावीकडची तिसरी जागा रिकामी ठेवली आणि कुंपणाशी जाऊन उभी राहिली. तो यायचा होता. येईल की नाही, अशी तिने मनाशी पैज लावली आणि मग तीही सोडून दिली.

विमानाचा पंखा फिरायला लागला तेव्हा तो पोचला. मोटरसायकल आडवी टाकूनच धावला. गळ्यात कॅमेरा होताच. विमान पट्टीच्या पार टोकाला जाऊन वळलं, आणि त्याचा हात आपसूक कॅमेऱ्याकडे गेला. झाकण निघालं. तिने ते बघितलं आणि मान वळवली.

मग उजेड अडला. तो तिच्या पुढ्यात येऊन उभा होता, विमानाकडे पाठ करून.

"सहा वर्षं मी तिच्या मागे उन्हातान्हात हिंडलो," तो धापा टाकत म्हणाला. "एकदाही मला चहा विचारला नाही तिने. तू पहिल्याच दिवशी विचारलास."

तू. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"पाठीमागून विमान येतंय," ती म्हणाली. "नंतर हळहळशील."

"येऊ दे."

विमान आलं. कुंपणाच्या तारा थरथरल्या, गवत आडवं झालं. त्याने मान वळवली नाही. पण तिला त्याच्या खांद्यावरून सगळं स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्या खिडकीत ती होती, वेणी पुढे घेतलेली. आज तिचा पंजा काचेवर नव्हता. तिच्या शेजारी एक माणूस होता, तिच्या अंगावरून पुढे वाकलेला. एकाहत्तर किलोंचा, काट्यावर नेहमी एका पायावर भार देणारा तो माणूस. आत बसलेला तो, कॅमेरा डोळ्याला लावून, बाहेर बघत होता, कुंपणाशी उभ्या असलेल्या या दोघांकडे.

"दिसली?" इकडच्याने विचारलं. नजर तिच्यावरून हलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "जागा रिकामीच आहे."

पुढच्या सगळ्या आयुष्यात तिने त्याच्याशी बोललेलं हे एकच खोटं. विमान अजून समोरच होतं. तिने आपली बोटं त्याच्या बोटांत गुंतवली, कपाळावरची बट मागे सारली, आणि फोटोसाठी उभं राहावं तशी नीट, ताठ उभी राहिली.