कुणाचा रं तू?

दहा डिसेंबर एकोणीसशे शहाण्णव, मंगळवार, अमावस्या. लासुर्ण्यात साडेसातलाच वीज गेली. सासूबाईंच्या भावाला बारामतीला दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून सासू-सासरे तिकडं गेलेले. हे ऊस घेऊन कारखान्यावर. अंगणात शेकोटीपाशी मी, सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ हिंदुरावतात्या आणि त्यांची दोन नातवंडं, कॉलेजातला दिग्विजय आणि दहावीतली राजेश्वरी.

माझ्या लग्नाला सात महिने झाले होते. नव्या सुनेनं विचारायचं नसतं, ऐकायचं असतं. मला ते जमतं. प्रत्येक घरात काहीतरी चालत नाही. माझ्या माहेरी भोपळा चालत नाही, ह्या घरात काजळ. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी माझी डबी चुलीत टाकली. "आमच्यात चालत न्हाय," एवढंच म्हणाल्या. मीही एक गोष्ट बोलले नव्हते. मला दिवस जाऊन दोन महिने झाले होते. ह्यांच्या आधीची सासूबाईंची तीन लेकरं पाचवी पुजायच्या आतच गेलेली. तिसरा महिना सरेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ह्यांच्यापाशीसुद्धा.

दिग्विजय गणपतीत व्हिडिओवर पाहिलेला पिक्चर सांगत होता. हवेली, पांढऱ्या साडीतली बाई, आणि नोकराची म्हणून वाढलेली पोरगी शेवटी मालकाचीच निघते.

"पिक्चरमधी शेवटी कळतंय तरी, कोण कुणाचं ते," तात्या काटकी मोडत म्हणाले.

"आन खऱ्यात?"

"खऱ्यात झाकून ठिवत्यात." तात्यांनी काटकी विस्तवात सारली. "माझ्या वळखीतल्या एका गड्याची गोष्ट हाय. नाव इचारायचं न्हाय."

"नाव न्हाय म्हंजी थाप हाय," राजेश्वरी म्हणाली.

"थाप असती तर झ्याक नाव ठिवलं असतं की." तात्या हसले. मग सावकाश सांगायला लागले.

"तीन वर्सं हुतील आता. अकरा जानेवारी चौऱ्याण्णव. आजच्यासारखीच मंगळवारची अवस. गड्याच्या आईला दमा. गोळ्या संपल्या म्हणून गडी सायकलवर कळंबला डॉक्टरकडं गेला. डॉक्टर कुठं पेशंट बघाया गेल्यालं. ते येईस्तवर नऊ वाजलं. गोळ्या खिशात घातल्या, निघाला. सायकलीला डायनामो. पायडल मारंल तवर उजेड, थांबलं की अंधार. दोन्ही अंगाला ऊस."

तात्यांनी विस्तवावर विडी पेटवली.

"ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडं त्याला मेंढरांचा वास आला. मग घुंगरं. मग खुरं. दोनचारशे खुरं डांबरावर वाजत समोरनं आली. गडी थांबला. कळप त्याच्या दोन्ही बाजूंनी गेला. लोकर पोटरीला घासली. सायकल थांबल्याली, म्हंजी दिवा न्हाय. त्यानं चाक उचलून हातानं फिरवलं. तेवढ्यापुरता उजेड पडला."

तात्यांनी विडीची राख झटकली.

"रस्ता मोकळा हुता."

"आन मेंढरं?"

"खुरं वाजतच हुती…"

राजेश्वरी माझ्याजवळ सरकली.

"मोरीच्या कठड्यावर बाई बसल्याली. डोक्यावर घोंगडी. तिनं इचारलं, 'कुणाचा रं तू?'"

ह्यात भ्यायचं काही नाही. वाटेवर भेटलेलं प्रत्येक म्हातारं माणूस हेच विचारतं. उत्तर तोंडपाठ असतं. बापाचं नाव सांगायचं, चालू लागायचं.

"त्यानं बापाचं नाव सांगितलं. ती म्हणाली, 'न्हाय.'"

विडी तात्यांच्या बोटात तशीच जळत होती.

"परत इचारलं. 'कुणाचा रं तू?' त्याला वाटलं, म्हातारीला कमी ऐकू येत असंल. आईचं नाव सांगितलं. गोळ्या बी दावल्या, तिच्यासाठीच गेलतो म्हणून. 'न्हाय.' तिसऱ्यांदा इचारलं…"

"मग?"

"तिसरं उत्तर कुठनं आणायचं माणसानं?"

कुत्रं भुंकत होतं, तेही थांबलं.

"'पाय दाव,' म्हणाली. डावा पाय आपसूक वर झाला. चप्पल गळली. तिनं तळव्यावर अंगठा टेकला. गार… 'तुला लेकरू व्हईल तवा येईन,' म्हणाली. 'पयली तीट माझी.'"

पदराखाली माझा हात पोटावर गेला. आणि मला लग्नातली परात आठवली. माझ्या आईनं आणि वडिलांनी ह्यांचे पाय धुतले होते. डाव्या तळव्यावर अंगठ्याएवढा काळा डाग. आई घासायला लागली, तशा सासूबाई पुढं झाल्या. "राहू द्या, जन्मखूण हाय." इतक्या घाईनं म्हणाल्या की भटजी मंत्र विसरले. ह्यांनी सासूबाईंकडं पाहिलं होतं.

"कोण हुती ती?" राजेश्वरीनं विचारलं.

तात्यांनी काटकीनं विस्तव सारखा केला.

"बहात्तरचा दुष्काळ. धनगरं मेंढरं घिऊन पाण्यामागं पुढं गेल्याली. ही पोटुशी, मागं राहिली. त्या मोरीपाशी बाळंत झाली. जवळच्या वस्तीवरची बाई धावली. त्या बाईचं एक बी लेकरू जगलं नव्हतं. हिकडं हिचं रगत थांबंना… कंदिलाच्या काचंवरची काजळी हिनं अंगठ्यावर घेतली. पोराच्या डाव्या तळव्याला तीट लावली. म्हणाली, 'ठिवा तुमी. पर मोठं झाल्यावर त्येला सांगा, कुणाचं हाय.' सांगतो म्हणालो."

म्हणालो. म्हणाली नाही. पोरांच्या ध्यानात आलं नाही.

"चार दिसांनी तिचा नवरा परत आला. त्याला सांगितलं, मायलेकरू दोन्ही गेली. माती दावली. त्यानं मातीवर डोकं टेकलं… आन गेला."

"मग त्या गड्याला आता ठावं हाय का, तो कुणाचा?" दिग्विजय.

"न्हाय. आई सांगू देत न्हाय. मी मेल्यावर सांगा म्हणती. त्या रातीला तिनं त्याचा तळवा राखंनं घासला, दगडानं घासला. रगत निघालं. डाग न्हाय निघाला."

"आन तीट लावली की काय हुतं?"

"जगवाया लावती, का न्यायाला…" तात्यांनी मान हलवली. "ते तिलाच ठावं."

तेवढ्यात ट्रॅक्टर आला. राजेश्वरीनं माझा दंड धरला. हे अंगणात आले, चप्पल काढली, बसले आणि दोन्ही पाय शेकोटीकडं पसरले.

"गप का सगळी? कोण मेलं?"

विस्तवाच्या उजेडात डावा तळवा दिसत होता. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं. मग वर पाहिलं, तर मी त्यांच्याकडंच बघत होते. त्यांची नजर आधी खाली गेली. "चला रं पोरांनो," म्हणाले, आणि अर्धी विडी विस्तवात टाकून उठले.

खोलीत आल्यावर मी कडी लावली. दोनदा पाहिली.

"तात्या काय सांगत हुतं?" ह्यांनी विचारलं.

"पिक्चरची गोष्ट."

हे लगेच झोपले. मी जागी. सांगावं, तर सासूबाईंच्या पदरातलं लेकरू मी काढून घेतल्यासारखं. न सांगावं, तर… पुढचा विचार मी केला नाही. गोधडी गळ्यापर्यंत ओढली, पोटावर दोन्ही हात ठेवले आणि कान दाराकडं लावून पडून राहिले. घुंगरं वाजली नाहीत. खुरं वाजली नाहीत. पहाटे कधीतरी डोळा लागला.

उठले तेव्हा कडी तशीच होती. हे घोरत होते. मी कंदील घेऊन न्हाणीत गेले. पाणी काढलं. पातळ सोडलं.

बेंबीच्या खाली, अंगठ्याएवढी. काळी. अजून ओली.

पुसायला हात उचलला. तसाच राहिला.

घरात काजळ नव्हतं. आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं.