डावीकडचे चौसष्ट किलो

मुलांनो, डोळे मिटा. शंभर वर्षांपूर्वीच्या एका लांबलचक, उघड्या गाडीत तुम्ही बसला आहात, अशी कल्पना करा. वेग साठवर गेला की पायाखालचा पत्रा थरथरू लागतो. दात दातांवर आपटतात.

आता डोळे उघडा. कारण पुढचं मी रचलेलं नाही.

माझा पुतण्या यशपाल, त्याच्या बाबतीत हे घडलं. २०१४चा ऑक्टोबर, शनिवार, जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनजवळच्या खेड्यातलं एक वर्कशॉप. तेही भर दुपारी.

गाड्यांमधले आवाज आणि हादरे शोधून घालवणं, हे यशपालचं काम. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच उंच जातो ना? तसंच साठच्या वेगाला इंजिनाचे धक्के तिथल्या एका जुन्या, उघड्या गाडीच्या क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या लांब फिरत्या दांड्याला, नेमके लागत. थरथर वाढत गेली तर शाफ्ट तुटायचा.

गाडी म्हाताऱ्या लिंडनरची. दुसऱ्या दिवशी उत्सवात तो गावातल्या मुलांना तिच्यातून फिरवणार होता. गाडी सुरक्षित आहे, असं यशपालने लिहून द्यायचं होतं.

थरथर शोषून घेणारी एक जड डिस्क यशपालने बनवली आणि गुरुवारी लिंडनरकडे बसवायला ठेवली.

शनिवारी तो आला तेव्हा लिंडनर ब्रेड आणायला गेला होता. यशपालने आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, धम्मदीपाला, मागे बसवलं, स्वतः पुढे बसून हादरे आणि स्प्रिंगांवरचं वजन मोजणाऱ्या लॅपटॉपवरचे सगळे आकडे शून्यावर लावले आणि गाडी बाहेर काढली.

पन्नास.

पंचावन्न. थरथर सुरू झाली.

साठ...

काहीच नाही.

थरथर नाही. वाऱ्याचा आवाजसुद्धा नाही. फक्त गाडी डावीकडे किंचित कलली...

धम्मदीपाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं.

"दा श्टेट आइनर, पापा."

तिथे एक जण उभा आहे.

"कुठे गं?"

तिने डाव्या दाराखालच्या लांब पायरीकडे बोट दाखवलं.

पायरी रिकामी होती.

यशपालने गाडी वर्कशॉपमध्ये आणली. लिंडनर परतला होता.

"काय म्हणते म्हातारी?" त्याने गाडीवर थाप मारत विचारलं.

"एकदम शांत. डिस्क छान बसवलीस."

"मी? आल्झो... म्हणजे, मला वाटलं, तूच बसवणार. ती बघ टेबलावर."

होती. गुरुवारच्या त्याच कागदात गुंडाळलेली.

यशपालने बसल्या बसल्या लॅपटॉपकडे पाहिलं. डाव्या स्प्रिंगवर जास्तीचं वजन, चौसष्ट किलो. साठच्या वेगाला आलेलं.

गाडी आता उभी होती. इंजिन बंद होतं.

आकडा मात्र... तसाच होता.

लिंडनरने चष्मा पुसून तो आकडा वाचला.

"पूर्वी यंत्रं कुठे होती?" तो म्हणाला. "एक माणूस त्या पायरीवर उभा राहायचा. काठीचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. थरथर कुठून येते ते ऐकायचा."

"आणि मग?"

"मग काय? ऐकत राहायचा."

यशपालला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. हेच तो अजूनही सांगतो, आणि सांगताना स्वतःची बोटं चोळत राहतो. त्या वेळी ती लाकडासारखी झाली होती.

"सही कर ना," लिंडनर सुरक्षिततेच्या दाखल्याचा कागद पुढे करत म्हणाला. "पोरं उद्या वाट बघतील. गाडी शांत आहे, तूच म्हणालास."

"मी शांत केलेली नाही. ज्याने केली, तो उद्या भर रस्त्यात उतरला तर?"

यशपालने सही न करताच कागद लिंडनरच्या हातात परत दिला.

धम्मदीपा मागच्या सीटवर बसून हे सगळं ऐकत होती. तिने दप्तर मांडीवर घेतलं. उजवीकडे सरकून शेजारी जागा केली. मग हात लांबवून डावं दार उघडलं.

"कॉम," ती पायरीकडे बघत म्हणाली. ये.

आणि कुणी आत चढेपर्यंत आपण धरून ठेवतो, तसं दार धरून ती थांबली.