पाणी तोडल्यानंतर

नळवाल्याला ‘हो’ म्हणण्यात तिचा फायदा होता रोजच्या वीस मिनिटांचा, आणि तोही नुसतं बसून राहण्याचा. हा हिशेब तिने उभ्या उभ्याच केला होता. तक्रार केंद्रात आठ तास कानाला हेडफोन लावून ‘आपली अडचण समजते’ म्हणत लोकांच्या शिव्या गिळायच्या, घरी येऊन अप्पांचं जेवण आणि औषधं बघायची, स्वतः ताटावर पेंगायचं, आणि वर परसातल्या दोन वाफ्यांना झारीने पाणी… अप्पांचे गुडघे गेल्यापासून कांदा-लसूण तिच्याच गळ्यात पडला होता. लसूण तर आईने लावलेला. आई गेल्यावरही अप्पा दरवर्षी त्यातलेच चांगले गड्डे बियाण्याला राखत. अकरा वर्षांत त्या वाफ्यात बाजारची एक पाकळी शिरली नव्हती.

गळका नळ दुरुस्त करायला आला तो नळवाला, आणि पहिला पाय ठेवला तो नेमका त्याच वाफ्यात.

“अहो, खाली बघा! लसूण आहे तो!”

“मला वाटलं, गवत.”

“गवत कोणी ओळीत लावतं का?”

“या घरात लावत असतील. दारातल्या चपलासुद्धा ओळीत दिसल्या.”

ती हसलीच असती, पण गालांनी संप केला होता. त्याने वॉशर बसवता बसवता मान वर केली.

“दमलात.”

विचारलं नाही, सांगितलं. नळ आवळून म्हणाला, “रोज संध्याकाळी सातला मी याच रस्त्याने जातो. पाणी मी घालीन. तुम्ही पायरीवर बसा.”

“आणि त्याचं काय घ्याल?”

“काय घेणार… घरी गेलं की चार भिंती. इथे निदान हिरवं तरी आहे.”

सगळी थंडी अशीच गेली. ती बूट काढून पायरीवर, तो झारी घेऊन वाफ्यात. कधी ती भिंतीला टेकून पेंगायची; मग तो झारी आवाज न करता खाली ठेवायचा. जागी असली तर मात्र चौकशी व्हायची.

“आज किती शिव्या?”

“ऐंशी. एक जण म्हणाला, तोंडाला कुलूप लावा.”

“लावू नका. मग किल्ली कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न येतो.”

“तुमच्याकडे नको. तुमच्याकडे नुसते पाने.”

“पान्यानेही उघडतं बरंच काही… हळू फिरवला तर.”

ती उगाचच बुटांची लेस सोडवायला वाकली. बूट तर कधीचे बाजूला काढून ठेवलेले!

मग ऊन तापलं. कांद्याने माना टाकल्या, लसणाची पात पिवळी पडली. अप्पांनी खिडकीतून फर्मान काढलं, “आजपासून पाणी तोडा! पंधरा दिवस थेंब नको. ओल राहिली की गड्डा कुजतो. नळराजे, सुटलात बरं का!”

सुटल्यासारखं कोणीच दिसलं नाही.

“म्हणजे… उद्यापासून…” तो झारीकडे बघत म्हणाला.

“हो… उद्यापासून…”

दिवसभर ऐंशी जणांना ‘आणखी काही मदत?’ विचारणारी ती. पण ‘तरीही या’ एवढे दोन शब्द जिभेवर येईनात. सगळी जीभ कचेरीतच खर्ची पडलेली.

दुसऱ्या दिवशी सातला ती पायरीवर बसली, ती बूट न काढताच. आणि तो आला. तिच्याकडे न बघता त्याने झारी भरली.

“थोडंच घालतो,” तो म्हणाला.

काय होणार ते तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. ‘नको’ म्हटलं की लसूण वाचणार होता. पण मग तो उद्या येणार नव्हता.

“हं,” ती म्हणाली, आणि बूट काढले.

असे पंधरा दिवस.

काढणीला अप्पा खुर्ची टाकून परसात बसले. पहिला गड्डा नळवाल्याने उपटला तो काळा, पाकळ्या बुळबुळीत. दुसरा तसाच. तिसराही. एकही धड निघेना. कांद्यात अंगठा रुतला. घाण वास सुटला.

“मी घातलं पाणी,” ती म्हणाली.

“खोटं. मी घातलं,” तो मान खाली घालून म्हणाला. “यायला दुसरं कारणच सुचेना… तुमचा नळही मेला गळत नव्हता.”

“आणि मी बघत बसले. नको म्हटलं असतं तर तुम्ही आला नसतात.”

“आता मात्र काहीच कारण उरलं नाही… आलो तर चालेल?”

“या. बसायला या. झारीला हात लावायचा नाही.”

एवढ्या घाण वासात दोघं हसत होते. अप्पा मात्र हातातला कुजका गड्डा फिरवून फिरवून बघत होते.

“ओली माती खिडकीतून दिसत नव्हती होय मला? पहिल्या दिवसापासून दिसत होती.”

“मग बोलला का नाहीत, अप्पा?”

“नळराजे यायला लागल्यापासून तू एकदाही ताटावर पेंगली नाहीस.”

त्यांनी तो गड्डा हलकेच वाफ्यात ठेवला आणि आपल्याला आत न्यावं म्हणून हात पुढे केला. दोघांनी त्यांना दोन बाजूंनी धरलं.

तिचं काही गेलं नाही. वीस मिनिटांचा आता तास होणार होता. नळवाल्याचंही काही गेलं नाही. त्याला बसायला पायरी मिळाली. किंमत भरली ती अप्पांनी. बायकोच्या हातचं अकरा वर्षांचं बियाणं, आणि तेही रोज संध्याकाळी खिडकीत बसून, कुजताना बघत, चकार शब्द न काढता.