अत्तराची बैठक

या, असे पुढं सरकून बसा. भिंतीला टेकून बसलं की कीर्तनातला माणूस निम्मा झोपतो, आणि आजची गोष्ट निम्मी ऐकून भागायची नाही. गोष्ट फलटणची आहे, पण अजून न उजाडलेल्या फलटणची. रामाच्या देवळात तेव्हाही आरती होते, कीर्तनाला माणसं तेव्हाही जमतात. बाकी पुष्कळ बदललंय.

तिथं आता फोटो कुणी काढत नाही, घडवून घेतात. लग्न उरकलं की एआयला नावं सांगायची. मांडव, पाहुणे, नवरीच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं जागच्या जागी असलेलं चित्र तयार. रुसून घरी बसलेला मामासुद्धा त्यात अक्षता टाकताना दिसतो. या चित्राला लोक 'घडीव' म्हणतात. घडीव आलं आणि गावातले फोटोवाले एकेक करून शटर ओढून गेले. राहिला एकटा हर्षल रणवरे.

त्याच्याकडे रांग लागायची ती फोटोसाठी नव्हे, बैठकीसाठी. तरुणपणी तो कीर्तनात बुवांच्या मागं टाळ धरून उभा राहिलेला. माणसाला कसं रंगवायचं हे तिथंच शिकला. गिऱ्हाईक आलं की तो आधी लाकडी बाकावर बसवायचा, स्वतःच्या हातानं मनगटाला हिनाचं अत्तर लावायचा, अभंग गुणगुणायचा. हनुवटी दोन बोटांनी वर उचलून म्हणायचा, "हसू नका हो, मला दात मोजायचे नाहीत." मग बहुतेक माणसं हसायचीच. तेवढ्यात हा जुन्या कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरायचा आणि एकच फोटो काढायचा. बिघडला तर बिघडला.

ती बैठक कुणी विसरत नसे. भाजी घ्यायला गेला तरी पलीकडून हाक यायची, "अत्तरकाका, ओळखलंत का?" लग्न केलं नव्हतं त्यानं. स्टुडिओच्या वरच्या खोलीत एकटाच राहायचा, एकटाच जेवायचा. पण दिवाळीत फराळाचे डबे इतक्या घरांतून यायचे की ठेवायला फळी पुरायची नाही. त्या डब्यांना तो मनातल्या मनात माझी मुलंबाळं म्हणायचा.

एक दिवस डॉक्टर ईशानी शेट्ये आल्या. आठवणींवर संशोधन करणाऱ्या बाई. गावोगावच्या लोकांच्या आठवणी तपासताना त्यांना दिसलं होतं की घडीव घरात आलं की खरी आठवण हळूहळू नाहीशी होते. हर्षलच्या गिऱ्हाइकांची बैठकीची आठवण तेवढी टिकून आहे. हर्षलनं चहा ठेवला आणि मला समजेल असं सांगा म्हणाला.

"काका, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नव्हे. ती मातीची मूर्ती आहे," त्या म्हणाल्या. "आपण आठवलं की ती ओली होते, नंतर पुन्हा वाळते. ओली असताना समोर घडीव असलं, की त्याचाच ठसा उमटतो."

"आणि खरं होतं ते?"

"ते गेलं. गेल्याचं कळतही नाही."

पण वास, स्पर्श आणि आवाज एकदम आले, तर मेंदू तो क्षण घट्ट बांधून ठेवतो, असंही त्यांनी सांगितलं. याला त्या 'खुंटी' म्हणत. खुंटीला बांधलेलं घडीवला सोडवता येत नाही. हर्षल खुश झाला. म्हणजे माझी हिना एआयला भारी पडली म्हणा, असं म्हणाला. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाहेर थांबलेल्या रोहिणी नाळेंना आत बोलावलं.

रोहिणीताईंचे यजमान संदेश वर्षापूर्वी वारले होते. दोघांचा फोटो तरुणपणी हर्षलनंच काढलेला. ताई बाकावर बसल्या आणि भरभरून बोलल्या. बाकाची डुगडुगती कड, हिनाचा वास, अभंगाची चाल, सगळं त्यांना आठवत होतं. तुमची बोटं गार होती काका, असंही म्हणाल्या.

"आणि संदेशराव?" शेट्येबाईंनी हळूच विचारलं.

"हे? होते की शेजारी. हसत होते माझ्याकडे बघून."

हर्षलनं कपबशी खाली ठेवली. संदेश हसला नव्हता. त्याचा पुढचा दात तुटका होता, म्हणून ओठ मिटून बसला होता, आणि बाकावर कुणाला दिसू नये अशी बायकोची करंगळी घट्ट धरून होता. ते हसू, खऱ्या फोटोच्या जागी आता ताईंच्या दिवाणखान्यात लावलेल्या घडीवमधलं होतं. हर्षलनं खरं काय ते सांगितलं. ताईंनी आपल्या करंगळीकडे पाहिलं.

"पटतंय काका," त्या म्हणाल्या, "पण आता तेही तुमच्याच आवाजात आठवणार मला."

त्या गेल्यावर शेट्येबाई म्हणाल्या, "खुंटीला तुम्हीच बांधले गेलात. शेजारचं माणूस वाहून गेलं."

"मग मी काय करू?"

"बैठकीतून बाहेर पडा. पण एक सांगून ठेवते. तुम्ही मग कुणालाही आठवणार नाही."

हर्षलनं रिकामे कप उचलले. त्याला फळीवरचे डबे दिसत होते.

संध्याकाळी तो देवळात गेला. कीर्तन असं रंगलं की म्हातारेकोतारेही उठून नाचले. आरती झाली, बुक्का लागला, माणसं ओठांवर नाम घेऊन, बुवांकडे वळूनही न बघता घरी गेली. देऊळ रिकामं झालं. पायरीशी बुवा एकटेच वाकून आपल्या चपला शोधत होते. हर्षलनं शोधून दिल्या. बुवांनी हात जोडले आणि अंधारात चालू लागले. कीर्तन चांगलं झालं म्हणजे काय होतं, ते हर्षलला त्या दिवशी कळलं. टाळ धरून इतकी वर्षं उभा राहिला, पण हे त्यानं पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बैठक बदलली. गिऱ्हाईक यायच्या आधीच तो काळ्या कापडाखाली जाऊन उभा राहू लागला. अत्तराची कुपी बाकावर ठेवलेली. आतून एवढंच सांगायचा की एकमेकांना लावा. नवऱ्यानं बायकोच्या मनगटाला, लेकीनं बापाच्या. केसांची बट सारायची ती त्यांची त्यांनीच. गाणं म्हणायचं तेही त्यांनीच, येत असेल तसं. कुणी बेसूर गायचं, शेजारचं माणूस हसू दाबायचं, आणि खुंटी पक्की बसायची. शेट्येबाईंनी तपासलं: तुटके दात, गार बोटं, धरलेल्या करंगळ्या, सगळं जिथल्या तिथं होतं. आता कुठलंही घडीव ते पुसू शकत नव्हतं. ही गोष्ट पुण्या-साताऱ्यापर्यंत गेली. रांग दुप्पट झाली, इतर गावांतल्या बंद पडलेल्या फोटोवाल्यांनीही बाक मांडले, कुप्या ठेवल्या.

फक्त हाका थांबल्या. पुढच्या दिवाळीला डबे कमी आले. जुनी माणसं जात राहिली तसे आणखी कमी झाले, आणि एका दिवाळीत फळी रिकामीच राहिली. त्यानं ती पुसून घेतली.

मग एकदा बाजारात एका जोडप्यानं त्याला थांबवलं. बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं.

"बाबा, इथं अत्तर लावून फोटो काढतात ते दुकान कुठं आहे? आमचा लग्नातला तिथंच काढला होता. आता बाळाचा काढायचाय."

हर्षलनं दोघांकडे पाहिलं. पोरीनं तेव्हा कुपी सांडली होती, आणि पोरानं आपल्या सदऱ्यानं तिचा हात पुसला होता. त्यानं विचारलं, फोटो काढणारा कसा होता दिसायला?

दोघं एकमेकांकडे बघून हसली. "कुणी होतं का हो तिथं?" पोरगी म्हणाली. "आम्हाला तर आम्ही दोघंच आठवतोय."

त्यानं हात करून रस्ता दाखवला. ती दोघं वळणावरून दिसेनाशी झाली, तसा तो मागच्या बोळातून लगबगीनं निघाला, मागच्या दारानं आत शिरला, कुपी भरून बाकावर ठेवली आणि काळ्या कापडाखाली जाऊन उभा राहिला.

तर मंडळी, घरी जाल तेव्हा आपल्या माणसाचा हात हातात घ्या, आणि कधी काळी दोघांनी मिळून काढलेला फोटो आठवा. आठवेल तेव्हा एकमेकांकडे बघाच. पण क्षणभर समोरही बघा. तिथं एक काळं कापड होतं, आणि त्याच्या मागं हर्षल रणवरे नावाचा माणूस उभा होता. त्याला तेवढं आठवा.